बक्कल उघडायला लागणारा वेळ

काही महिन्यांपूर्वी शहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मुलीबरोबर दवाखान्यात आले. मुलीने दबक्या आवाजात तक्रार सांगितली. बाबांचा लघवीवर ताबा राहिलेला नाही, आठवड्यातून दोन-तीनदा कपडे ओले होतात, त्यांना डायपर सुरू करावा का? गुरुजी खिडकीबाहेर पाहत होते. आयुष्यभर वर्गापुढे ताठ उभा राहिलेला माणूस आपल्याविषयीचे हे बोलणे मान खाली घालून ऐकत होता.

पोट तपासण्यासाठी मी त्यांना पट्टा सैल करायला सांगितले. जुना, जाड चामड्याचा, काट्याच्या बक्कलाचा पट्टा होता. संधिवाताने वाकडी झालेली बोटे त्या काट्याशी झगडू लागली. टोक ओढायला एका हातात जोर नव्हता आणि काटा छिद्रातून काढायला दुसऱ्या हाताच्या चिमटीत पकड नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात मिनिट उलटून गेले. मुलगी मदतीला पुढे झाली, तेव्हा मी तिला हातानेच थांबवले. मला हवे होते ते उत्तर समोरच दिसत होते.

लघवीची तपासणी, रक्तातील साखर, प्रोस्टेटची तपासणी हे सारे रीतसर केले. ते करायलाच हवे, कारण उतारवयात लघवीची घाई होण्यामागे उपचाराने बरी होणारी कारणे पुष्कळदा असतात. पण गुरुजींच्या बाबतीत मूत्राशय बऱ्यापैकी शाबूत होते. घाई लागल्यापासून स्वच्छतागृहात पोहोचेपर्यंत ते धीर धरू शकत. पुढचे मिनिट मात्र बक्कल खाऊन टाकी. पट्टा बदलला आणि दर दोन-अडीच तासांनी, घाई होण्याआधीच जाण्याची सवय लावली. डायपरचा विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणूनच आज पट्टा आणि बक्कल या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंविषयी लिहीत आहे.

कोणते बक्कल कोणाला?

काट्याचे बक्कल सर्वांत परिचित आणि टिकाऊ. हातात जोर आणि बोटांत चपळता असेल तोवर त्यात काहीच वाईट नाही. मात्र ते लावताना आणि काढताना दोन्ही हात लागतात. घ्यायचेच असेल तर चामडे मऊ, चौकट रुंद आणि काटा सहज फिरणारा पाहावा. कमरेच्या मापापेक्षा साधारण दोन इंच लांब पट्टा घेतला की काटा मधल्या छिद्रात बसतो आणि दोन्ही बाजूंना वाव राहतो.

दात असलेल्या, ज्याला दुकानदार ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात त्या पट्ट्याला छिद्रे नसतात. आतल्या बाजूला बारीक दातांची पट्टी असते. टोक बक्कलातून ओढले की ते ‘कट् कट्’ करीत अडकत जाते. लावायला एक हात पुरतो आणि जेवणानंतर थोडेसेच सैल करता येते. पण तो सुटतो तो बक्कलाच्या कडेची किंवा खालची छोटी कळ दाबून. ही कळ काहींमध्ये फार ताठ असते. दुकानात लावून पाहण्यापेक्षा सोडून पाहणे अधिक महत्त्वाचे, आणि तेही ज्यांना वापरायचा आहे त्यांनी स्वतः.

सुती पट्ट्याचे सरकते बक्कल हलके आणि स्वस्त असते. छिद्र शोधावे लागत नाही, झडप उचलली की पट्टा सुटतो. दृष्टी मंद झालेल्यांना ते सोयीचे. शाळेच्या दप्तराला असते तसले, दोन्ही बाजूंनी दाबून उघडायचे प्लॅस्टिकचे बक्कल अंगठ्याच्या सांध्याला संधिवात असलेल्यांनी टाळावे, त्या चिमटीनेच वेदना होतात.

चुंबकाचे बक्कल कंपवात किंवा अर्धांगवायू झालेल्यांना वरदान वाटते, कारण दोन टोके जवळ आणली की ती आपोआप जुळतात. परंतु पेसमेकर बसवलेल्यांनी चुंबक त्या यंत्रापासून निदान सहा इंच दूर ठेवावा लागतो. कमरेवरचे बक्कल सहसा तेवढे दूर असते, पण काढलेला पट्टा छातीशी धरणे किंवा खांद्यावर टाकणे धोक्याचे. अशा रुग्णांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच तो घ्यावा. एमआरआयच्या खोलीत तर कोणतेही बक्कल नेऊ नये.

मोठे नक्षीदार, मागे आकडा असलेले पत्र्याचे बक्कल दिसायला रुबाबदार असते, पण पोट सुटलेल्या माणसाला बसताना आणि वाकताना ते पोटात रुतते.

बक्कल बसवणे

पुष्कळदा पट्टा चांगला असतो, बक्कलच तेवढे बदलायचे असते. पट्ट्याची बक्कलाकडची घडी उलटून पाहावी. तेथे टिचबटण किंवा स्क्रू असेल तर बक्कल घरीच बदलता येते. घडी उघडावी, नव्या बक्कलाचा दांडा घडीत बसवावा, काटा लांबट फटीतून दर्शनी बाजूस काढावा, पट्ट्याचे टोक धरून ठेवणारी छोटी कडी परत अडकवावी आणि मग घडी बंद करावी. शिलाई असेल तर हे काम चपला-पट्टे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे सोपवावे. नव्या बक्कलाची आतली रुंदी पट्ट्याएवढीच हवी.

ऑटोमॅटिक पट्टा लांब असेल तर तो नेहमी बक्कलाच्या बाजूने कापावा, दुसऱ्या टोकाला कधीही नाही. बक्कलामागची चाप उघडून पट्टा काढावा, थोडा थोडा कापून माप पाहावे, पुन्हा आत सारून चाप घट्ट दाबावी आणि स्क्रू असल्यास आवळावा. शेवटी जोराने ओढून खात्री करावी. चालताना पट्टा सुटून पँट पायात आली, तर वृद्ध माणूस पडतो.

घालताना

पँट अंगात चढवण्यापूर्वीच पट्टा लुपांमधून ओवून ठेवावा. मागे हात नेण्याची, तोल सांभाळत वळण्याची गरज उरत नाही. खुर्चीवर बसून आधी दुबळा पाय पँटमध्ये घालावा, मग चांगला. पँट गुडघ्यांपर्यंत आली की भक्कम आधार धरून उभे राहावे आणि ती वर घ्यावी. काढताना क्रम उलट: आधी चांगला पाय, मग दुबळा.

पुरुषांचा पट्टा सहसा डावीकडून ओवतात, त्यामुळे ओढायचे टोक उजव्या हाती येते. उजवा हात लुळा असेल तर तो उजवीकडून ओवावा, म्हणजे टोक डाव्या हाती येईल. बक्कल उलटे दिसते म्हणून कोणी हसणार नाही.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. घाई असली तरी शेवटची कृती, निदान टोक कडीत सारणे, त्यांना स्वतः करू द्यावी. हात चालू राहतात आणि मानही राहतो. मुळीच जमत नसेल तर रबरी कमरेची पँट किंवा जुन्या पद्धतीचे गॅलिस हे पर्याय आहेत. नाडी मात्र सोपी समजू नये, ओल्या नाडीची गाठ काट्यापेक्षा हट्टी असते.

पट्टा काय सांगतो

पट्टा करकचून बांधल्याने पोटावरचा दाब वाढतो आणि आम्लपित्त, छातीतील जळजळ बळावते. कमरेपाशी मांडीच्या त्वचेकडे जाणारी एक मज्जातंतू दबली, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूस आग होते, मुंग्या येतात. पायाची ताकद मात्र कमी होत नाही. पट्टा सैल केल्याने पुष्कळांना आराम पडतो.

बेंबीखाली खाजरा, काळपट चट्टा उठला तर बक्कलातील निकेलची ॲलर्जी असू शकते. घामाने धातूचे अंश त्वचेवर उतरतात. वर्षानुवर्षे वापरलेल्या बक्कलानेही हे होते, कारण वरचा मुलामा झिजलेला असतो. मलमाबरोबर बक्कलही बदलावे लागते, नाहीतर चट्टा परत येतो.

कमरेवर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट काही बांधल्याने त्वचा जाड आणि काळी पडते. मुंबईचे विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ मध्ये घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. परकराच्या नाडीखालीही तो आढळला आहे. हा आजार दुर्मीळ आहे. तरीही कमरेवरची न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. आईच्या पिढीतील स्त्रिया ती सहसा आपण होऊन दाखवत नाहीत, हे लेकी-सुनांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी सर्वांत मोलाचे. पट्ट्यावरची दोन छिद्रे साधारण एक इंच अंतरावर असतात. प्रयत्न न करता पट्टा दोन छिद्रे आत गेला, किंवा तापवलेल्या खिळ्याने नवे छिद्र पाडावे लागले, तर ते कौतुकाचे लक्षण नव्हे. सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंहून अधिक, आपोआप घटले तर मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड, कर्करोग, नैराश्य, दातांच्या तक्रारी या सर्वांचा शोध घ्यावा लागतो. उलट काही दिवसांतच पट्टा आवळू लागला आणि पावलांवरही सूज असेल, तर हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची शंका घेऊन त्वरित दाखवावे.

गुरुजी परवा रक्तदाब तपासायला एकटेच आले होते. नव्या पट्ट्याचे बक्कल त्यांनी मला उघडून दाखवले, पुन्हा लावून दाखवले आणि म्हणाले, “डॉक्टर, आता घड्याळ लावा.” मी लावले नाही. आज घरी आपल्या वडीलधाऱ्यांना बक्कल उघडताना एकदा शांतपणे पाहा. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत असेल, तर पट्टा बदलण्याची वेळ झाली आहे.