सावली कुठे जाईल, हे आधी मुलांना विचारा

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर क्लासच्या पाट्याच पाट्या दिसतात. पटवारी, शिक्षक भरती, आरएएस, बँक. आत बसलेली तरुण मुलं चार पर्यायांतून एक बरोबर उत्तर निवडण्याचा सराव करत असतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. नोकरीची परीक्षा तशी आहे, तर तयारीही तशीच होणार. पण हीच रीत तिसरी-चौथीच्या वर्गात शिरली की मुलांचं नुकसान होतं, आणि ती शिरली आहे. गोपालपुऱ्यात, तशीच कोल्हापुरात आणि नागपुरातही. शाळेचा प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं, आईनं रात्री जागून चिकटवलेला पुठ्ठा आणि मुलानं पाठ केलेल्या चार ओळी. त्यात प्रश्नच नसतो, मग मूल शोधणार काय?

पालकहो, शिक्षकहो, या वर्षी निदान एक प्रकल्प असा करा, ज्याचं उत्तर तुम्ही आधी सांगणार नाही. डीएडच्या पुस्तकात मुक्तोत्तरी प्रश्न असतात, तेच वर्गाबाहेर काढा. खर्च काही नाही. एक सरळ काठी, खडू, दोरी आणि उन्हाचा तुकडा पुरे.

सकाळी काठी अंगणात किंवा गच्चीवर उभी रोवा. तिच्या सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा आणि विचारा, ‘अर्ध्या तासानं ही सावली कुठे असेल?’ प्रत्येकाला आपापल्या अंदाजाची खूण करू द्या. मग दुसरा प्रश्न, ‘तुला तसं का वाटतं?’ आणि तिसरा, ‘कसं तपासायचं?’ पृथ्वी फिरते वगैरे अजिबात सांगू नका. मुलांना ते वाक्य पाठच असतं, आणि ते एकदा म्हणून टाकलं की त्यांचं बघणं थांबतं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, एवढी ताकीद मात्र पहिल्याच मिनिटाला द्या.

दोन गटांची मापं जुळणार नाहीत. कुणाची काठी कललेली असेल, कुणाची दोरी सैल. तिथे चूक दाखवण्याची घाई करू नका. ‘दोघांनी एकाच उन्हात मोजलं, मग फरक कुठून आला?’ असं विचारा. पुढचं सगळं मोजमाप या प्रश्नामुळे सुधारतं, हे मी खात्रीनं सांगते.

विचारल्यावर गप्प राहणं हे सर्वांत अवघड. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातली बोलणी तपासली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. घरी आपण तर एक सेकंदही थांबत नाही.

आता खरी गंमत. सावली सर्वांत आखूड किती वाजता होते? मुलं ठामपणे सांगतील, बाराला. जयपुरात ती साधारण १२ वाजून २७ मिनिटांच्या आसपास होते, आणि ही वेळ वर्षभरात पंधरा-सोळा मिनिटं मागंपुढं सरकते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळ लावलेलं आहे. जयपूर त्याच्या पश्चिमेला आहे. पण हे तुमच्यापाशीच ठेवा. मुलांना विचारा, ‘घड्याळ चुकतंय की सावली?’ त्यानंतर त्यांना जंतर मंतरला न्या. सवाई जयसिंहांनी उभारलेलं सुमारे २७ मीटर उंचीचं सम्राट यंत्र जयपूरची स्वतःची वेळ दाखवतं. स्वतःची काठी रोवून आलेलं मूल त्या यंत्रापाशी वेगळ्याच नजरेनं उभं राहतं.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांना तर इथे मोठी सोय आहे. नागपूरच्या आजीला आणि कोल्हापूरच्या काकांना फोन करून त्याच दिवशी काठी रोवायला सांगा. नागपुरात सावली कोल्हापूरपेक्षा सुमारे १९ मिनिटं आधी आखूड होते, जयपूर दोघांच्या मध्ये कुठेतरी येतं. दुपारी सावलीची लांबी फार सावकाश बदलते, म्हणून दर पाच मिनिटांनी मोजा. तरी चार-पाच मिनिटं इकडंतिकडं होतीलच. जयपूर आणि कोल्हापूरमधला सहा मिनिटांचा फरक कदाचित हाती लागणार नाही, नागपूर-कोल्हापूरचा लागेल. असं का, हाही मुलांसाठी प्रश्नच. मे महिन्यात नागपूरला गेलात तर महिनाअखेरीला शून्य सावली, म्हणजे दुपारी उभ्या काठीची सावलीच न पडणं, पाहायला मिळेल. जयपुरात ती कधीच मिळत नाही.

‘आमच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?’ ही अडचण खरी आहे. पण हे काम श्रीमंत शाळांपुरतं कधीच नव्हतं. मध्य प्रदेशात १९७२पासून होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सहावी ते आठवीच्या वर्गांत सुरू झाला आणि पुढे शेकडो सरकारी शाळांत पोचला. लीलाताई पाटलांनी १९८५मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, तेही मराठी माध्यमाचं. खुद्द जयपुरात दिगंतर ही संस्था १९७८पासून याच वाटेवर आहे. गट करा, काठीची सावली मधल्या सुट्टीत मोजायला लावा, मापं गणिताच्या तासाला मांडा, वर्णन भाषेच्या तासाला लिहून घ्या. वेगळा तास लागत नाही.

होशंगाबादच्या मुलांना आपले प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्रानं कळवता येत आणि उत्तरही येई. तुमच्या वर्गात निदान भिंतीवर एक कोरा कागद लावा. ज्याचं उत्तर तुम्हालाही येत नाही असा मुलांचा प्रत्येक प्रश्न त्यावर तारीख घालून, विचारणाऱ्याच्या नावासह, त्याच्याच शब्दांत लिहा. पालकसभेला आलेल्या आईवडिलांना गुणांची यादी दाखवण्याआधी तो कागद वाचायला द्या, आणि पुढचा प्रकल्प त्यातूनच निवडा.