उबेचें सोंग

प्रतिवर्षीं मार्गशीर्ष लागला कीं वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक पाककृति नव्या वेषानें अवतरते. नाताळच्या सुटींत, थंडीच्या रात्रीं, रममध्यें गूळ, दालचिनी व लवंगा घालून ती ऊन ऊन कशी प्यावी, हें तींत मोठ्या रसिकतेनें सांगितलेलें असतें. येथवर आमची तक्रार नाहीं. प्रौढ गृहस्थानें आपल्या घरीं, आपल्या पैशानें काय प्यावें हें ठरविण्याचा अधिकार आम्हीं कधीं मागितलेला नाहीं. परंतु त्या पाककृतीच्या शेपटाला हटकून एक वाक्य जोडलेलें असतें: हें पेय थंडीवर गुणकारी आहे, त्यानें छाती मोकळी होते, अंगांत ऊब येते. आमचें भांडण या एका वाक्याशीं आहे. कारण तें खोटें आहे, आणि त्या खोट्याची किंमत तें लिहिणारा देत नसून भलताच कोणी देतो.

या विषयांत पडण्यापूर्वीं दुसऱ्या बाजूच्या मंडळींचा निकाल लावणें अवश्य आहे. ही पाककृति छापून आली कीं कांहीं संस्कृतिरक्षक खवळून उठतात आणि 'हें साहेबाचें पेय आमच्या घरांत कशाला?' असा सवाल टाकतात. दारूला विरोध करण्यास सबळ कारणें पुष्कळ आहेत. पण परकेपणा हें त्यांतील सर्वांत लंगडें कारण होय. ज्या पेयकुळांतून हें पेय आलें त्याला इंग्रज 'पंच' म्हणतो. जॉन फ्रायर नांवाचा इंग्रज वैद्य सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत आला, आपल्या जुन्नरपर्यंत येऊन गेला. त्याचें प्रवासवर्णन 1698 सालीं छापलें गेलें. त्यांत त्यानें स्पष्ट नमूद केलें आहे कीं, हें नांव हिंदुस्थानी 'पांच' या शब्दावरून, पांच पदार्थांमुळें पडलें. या व्युत्पत्तीबद्दल पंडितांत मतभेद आहेत, हें आम्ही जाणतों. तथापि सुरत, गोवें आणि कोरोमांडलच्या वखारींतून इंग्रज खलाशी आमची अरक, आमचें लिंबू, आमची साखर व आमचा मसाला एकत्र करून पीत होते, याबद्दल वाद नाहीं. दालचिनी सिंहलद्वीपाची, मिरी मलबारची, आणि ऊस तर आमच्या शेतांतला. ज्या मळीपासून रम काढितात ती मळी कृष्णाकांठच्या साखर कारखान्यांतून आजही वाहते आहे. तेव्हां या पेयाला परकें म्हणून हांकलून देणाऱ्यानें प्रथम आपल्या मसाल्याच्या डब्यालाही देशोधडीला लावावें.

आतां पेय काय आहे तें पाहूं. चार पेले पाण्यांत दोन मोठे चमचे चिरलेला गूळ, बोटाएवढी दालचिनी, पांचसहा लवंगा, आठदहा मिरीं, ठेचलेलें आलें व संत्र्याच्या सालीचा वरचा पातळ पापुद्रा घालून तें दहाएक मिनिटें मंद विस्तवावर उकळावें. भांडें खालीं उतरवून गाळावें. आणि मग त्यांत रम मिसळावी. रम विस्तवावरच्या भांड्यांत ओतूं नये. मद्यार्क 78 अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे उकळत्या काढ्यांत त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाळाशीं गांठ पडतांच पेटते. इतकी सावधगिरी घेतली म्हणजे गुळाचा खमंगपणा, संत्र्याच्या सालीचा वास आणि लवंगेची तिखट झांक यांचा मेळ सुरेख जमतो. यांत रस आहे हें नाकारणें म्हणजे अरसिकपणा होय. आणि आम्हांला वादांत जिंकण्यासाठीं अरसिक होण्याची गरज वाटत नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांत या पेयाचा सर्वांत मोठा भाट म्हणजे चार्ल्स डिकन्स. त्याच्या 1843 च्या नाताळकथेंतील गरीब कारकून सणाच्या दिवशीं जिन व लिंबू यांचें ऊन मिश्रण ढवळीत बसतो. आणि 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला मिकॉबर, गळ्यापर्यंत कर्जांत बुडालेला असतांना, पंच करावयास बसला म्हणजे लिंबाच्या सालीच्या वासांत आपलें सारें दैन्य विसरतो. पण डिकन्सनें या पेयाची थोरवी गाइली ती त्यांतील आनंदासाठीं, सोबतीसाठीं, क्षणभराच्या विस्मरणासाठीं. मिकॉबरनें तो प्याला औषधाचा म्हणून उचलला नाहीं. आमच्या पुरवणीलेखकांनीं डिकन्सकडून दालचिनी घेतली, प्रामाणिकपणा मात्र तेथेंच ठेवला.

आतां त्या वाक्याची परीक्षा करूं. रम पोटांत गेली कीं कान, गाल व हात तापल्यासारखे वाटतात, हें खरें. पण तें कां वाटतें? मद्यार्कानें कातडीजवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या विस्फारतात. शरीराच्या गाभ्यांतील ऊन रक्त पृष्ठभागाकडे धांव घेतें. कातडीला ऊब जाणवते आणि तीच ऊब बाहेरच्या गार हवेंत विरून जाते. म्हणजे ही कमाई नव्हे, ही उधळपट्टी आहे. घरांतील धान्य रस्त्यावर ओतून 'पहा, आमच्या दारांत केवढी रास!' म्हणावें, तसा हा प्रकार. शिवाय थंडींत अंग कांपतें तें उष्णता उत्पन्न करण्यासाठीं कांपतें. मद्य तें कांपणेंही मंदावितें. आणि ज्या बुद्धीनें माणूस 'आतां आडोसा शोधावा' असें ठरवितो, ती बुद्धीच पहिल्यानें निजते.

यावर कोणी म्हणेल, मद्यार्कांत उष्मांक असतातच ना? असतात. आपल्याकडील रम बहुधा 42.8 टक्के असते. तिच्या 60 मिलिलिटरमध्यें सुमारें 20 ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सुमारें 140 किलोकॅलरी. पण यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच मद्यार्क पचवितें, आणि तेवढ्या वेळांत शरीर आपलें दुसरें इंधन जाळणें कमी करितें. भाकरी व गूळ हेंच काम अधिक इमानानें करितात. पेय ऊन असतें त्याचें काय, असेंही विचारतील. हिशेब सोपा आहे. 60 अंशांचें 200 मिलिलिटर पाणी शरीराच्या 37 अंशांवर येतांना जेमतेम साडेचार किलोकॅलरी उष्णता देतें; आणि 60 किलो वजनाच्या माणसाचें तपमान एक अंशानें वाढावयास सुमारें 50 किलोकॅलरी लागतात. म्हणजे एका पेल्यानें एका अंशाचा दहावा हिस्साही पदरांत पडत नाहीं. न्यायानें बोलावयाचें तर मिरी व आलें यांची ऊबही बहुतांशीं जाणिवेचीच आहे. ज्या ग्राहींना उष्णता कळते त्यांनाच हे तिखट पदार्थ चाळवितात. मिरचीच्या दाहावरून असा ग्राही शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. फरक इतकाच कीं मिरी मनुष्याला भुलविते पण त्याचें भान हिरावून घेत नाहीं. रम दोन्ही करिते.

आमच्या सातारा जिल्ह्यांत या विषयावर एक उत्तर ठरलेलें आहे: 'मग पलटणींत रम कां देतात?' ज्या जिल्ह्यानें पिढ्यान् पिढ्या सैनिक दिले तेथें हा प्रश्न आदरानेंच ऐकला पाहिजे. शिपायाचा घोट ही श्रमानंतरची, बराकींतली, मापून दिलेली मनाची विश्रांति आहे. पहाऱ्यावरच्या शिपायाला पिऊन उभें राहूं देणारा अधिकारी आम्हीं ऐकला नाहीं. ब्रिटिश आरमारांत रमचा रोजचा शिधा शतकानुशतकें चालत आला होता. 31 जुलै 1970 रोजीं तो बंद झाला. त्या दिवसानंतर उत्तर समुद्र कांहीं ऊन झाला नाहीं. रम ही थंडीची ढाल असती तर आरमारानें ती टाकली नसती. राहतां राहिला आल्प्स पर्वतांतील तो प्रसिद्ध कुत्रा, ज्याच्या गळ्यांत ब्रँडीचें पिंप दाखवितात. लँडसीअर नांवाच्या चित्रकारानें 1820 सालीं रंगविलेल्या एका चित्रानें ही कल्पना जगभर पसरविली. चित्र उत्तम आहे. वैद्यकीय प्रमाण म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

पण पुरवणीलेखकालाच एकट्याला कां दोष द्यावा? खुद्द सरकारनें हें सोंग कायद्यांत घातलें आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून अंमलांत आहे. त्याच्या छायेखालीं दारू पिऊं इच्छिणाऱ्यास परवाना मिळतो. आणि तो कशासाठीं? तर आरोग्य राखण्यासाठीं! ज्या वस्तूवर सरकार आरोग्याच्या नांवानें परवाना देतें, तिच्यावरच महसूल घेतें, आणि तिच्याच बाटलीवर ती आरोग्यास अपायकारक असल्याचा इशारा छापावयास लावतें, त्या वस्तूबद्दल प्रजेनें काय समजावें? एका हातानें औषध, दुसऱ्या हातानें विष आणि तिसऱ्या हातानें तिजोरी, असा हा त्रिभुज कारभार आहे.

पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत हें सोंग निरुपद्रवी वाटेल. तेथें भिंती आहेत, रजया आहेत, पेल्यांना मर्यादा आहे. पण 'थंडीसाठीं थोडी' हें वाक्य दिवाणखान्यांत थांबत नाहीं. तें कोठवर जातें हें पाहावयाचें तर म्हसवडला यावें. माणदेशचा हा पर्जन्यछायेंतला मुलूख. दिवसा उघडें आकाश तापवितें आणि रात्रीं तेंच आकाश सारी ऊब शोषून घेतें. येथील सिद्धनाथाचा रथ निघतो तो मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे नेमका थंडीच्या तोंडीं. लांबलांबून आलेले यात्रेकरू गुलालानें माखून रात्रीं उघड्यावर पाठ टेकतात. याच दिवसांत माणदेशांतलीं कुटुंबें कृष्णाकांठीं ऊसतोडीला गेलेलीं असतात. पाचटाच्या खोपटांत निजून पहाटेच्या काळोखांत कोयता धरतात. थंडी खरी वाजते ती यांना. आणि 'अंगांत ऊब येते' हें पुरवणीतलें सुभाषित यांच्यापाशीं पोंचतें तेव्हां त्यांत दालचिनी उरलेली नसते, संत्र्याची साल उरलेली नसते. उरतें तें फक्त कारण. ज्याच्या अंगावर पांघरूण नाहीं त्याला कातडींतून उष्णता गमावण्याचा उपाय सांगणें, याहून क्रूर थट्टा कोणती?

शिवाय ऊब विकत घ्यावयास जो पैसा जातो तो कोणाच्या ताटांतून जातो, हें म्हसवडच्या बायकांना पुस्तकें न वाचतां ठाऊक आहे. याच गांवांत 1997 सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मोलमजुरी करणाऱ्या बायकांनीं आपला रुपया आपल्या नांवानें ठेवावा एवढीच तिच्यामागची साधी कल्पना. ज्या रुपयाला घरांत धोका आहे त्यालाच घराबाहेर कुलुपाची गरज लागते. सातारच्या प्रतिसरकारनें 1943 ते 1946 च्या धामधुमींत दारूबंदीचें काम हातीं घेतलें तें उगाच नव्हे. आणि 2008 सालच्या आदेशान्वयें आज गांवोगांवच्या स्त्रिया उभी बाटली कीं आडवी बाटली यावर मतदान करितात, तेंही उगाच नव्हे. त्या मतपत्रिकेवर 'औषधाची बाटली' असें तिसरें चित्र नसतें, हें आमच्या पुरवणीलेखकांनीं ध्यानांत घ्यावें.

'एका खोपटांतल्या व्यसनाचा दोष आमच्या एका पेल्यावर कां?' असें कोणी म्हणेल. पेल्यावर दोष आम्हीं ठेवलेलाच नाहीं. दोष ठेवला तो सबबीवर. पेला ज्याचा त्याचा असतो. सबब सर्वांची असते. शिकलेल्यानें छापलेली सबब न शिकलेल्याला प्रमाण वाटते, आणि ती खोटी असल्याचें दुष्परिणाम भोगावयास शिकलेला तेथें हजर नसतो. ज्याला प्यावयाचें आहे त्यानें 'मला आवडतें म्हणून पितों' असें म्हणावें. तें वाक्य खरें आहे, आणि खऱ्या वाक्याला आपोआप मर्यादा पडते. कारण आवडीला पोट भरतें, औषधाला मात्र रोज मात्रा लागते.

आमची मागणी फार मोठी नाहीं. सरकारनें परवान्यावरून आरोग्याचें नांव पुसावें. देणें असेल तर परवाना परवाना म्हणून द्यावा. संपादकांनीं पाककृति खुशाल छापावी, पण तिच्याखालीं वैद्यकी छापूं नये. आणि घरांतल्या सुगृहिणीनें तोच काढा रमवांचून करून पाहावा: रमच्या जागीं थोडी काकवी व लिंबाचा रस घातला तर मुलाबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना एका भांड्यांतून तें पेय वाढतां येतें, आणि रसांत उणें पडलें तरी सोबतींत उणें पडत नाहीं.

ऊब हवी असेल तर ती कोठें मिळते हें धनगराला विचारावें. मेंढरांमागें रानोमाळ रात्री काढणारा तो माणूस थंडीचा खरा पंडित आहे. त्याच्या खांद्यावर बाटली नसते, घोंगडी असते.