आगीची सूचना देणारी यंत्रे आणि सेलचा हिशेब

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे एका फरसाणच्या गाळ्याला आग लागून 12 कामगार मरण पावले. खाली मशीन, वर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर झोपलेले कारागीर, असे गाळे आमच्या अनेक वाचकांचेही आहेत. म्हणून धुराची सूचना देणारी बिनतारी यंत्रे घ्यावीत काय, असे कोणी विचारले की आम्ही घ्या असेच सांगतो. वायर ओढावी लागत नाही आणि एका गाळ्यातला धूर रांगेतल्या दहा गाळ्यांना कळू शकतो.

परंतु व्यापारी बांधव किंमत विचारतात, हमी विचारतात. सेल किती दिवस चालणार हे विचारीत नाहीत. सेल संपलेले यंत्र भिंतीवर तसेच दिसते आणि मालक निर्धास्त झोपतो.

या यंत्रात सेल कोण खातो? धूर ओळखणारा भाग नव्हे, तर रेडिओ. त्यातही गंमत अशी की, नुसते कान देऊन बसणे बोलण्याइतकेच महाग पडते. पूर्वी अशा कामांत पुष्कळ वापरली गेलेली सीसी-2420 ही रेडिओ चिप बोलताना 17.4 मिलिअँपिअर खाते, ऐकताना 18.8! दोन चांगल्या पेन्सिल सेलमध्ये 2,500 मिलिअँपिअर-तासांचा साठा धरा. रेडिओ अखंड चालू ठेवून 20 मिलिअँपिअर जाऊ लागले तर 125 तास, म्हणजे जेमतेम पाच दिवस. तोच रेडिओ शंभरातला एकच हिस्सा वेळ जागा राहिला तर कागदावर सुमारे 17 महिने.

मग आग लागली तेव्हाच शेजारचे यंत्र झोपेत असले तर? यावर तोडगा आहे. प्रत्येक यंत्र सेकंद-दोन सेकंदांनी क्षणभर कान उघडते आणि हाक मारणारे तेवढा वेळ हाक मारीत राहते. सूचना सेकंदभर उशिरा पोचते, पण पोचते.

कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी रेल्वे पुलांच्या तपासणीसाठी अशीच रचना मांडली होती. पुलावरची यंत्रे झोपून राहायची, गाडी येण्याची चाहूल लागली की जागी व्हायची आणि जमलेली माहिती जाणाऱ्या गाडीच्याच हवाली करायची. त्यांपैकी भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू हे प्राध्यापक पुढे आपल्या शेजारी पवईच्या आयआयटीत आले.

आपल्या गाळ्यांत आणखी एक अडचण आहे. पत्र्याच्या भिंती आणि लोखंडी रॅक रेडिओला अडवतात. निरोप पोचला नाही की यंत्र तो पुन्हा पाठवते, आणि दर खेपेला सेल झिजतो. शिवाय मुख्य पेटीजवळच्या यंत्रातून सगळ्या रांगेचे निरोप जातात, त्यामुळे त्याचाच सेल आधी संपतो. तो आधी बदलावा. ठीक असल्याचा निरोप मिनिटामिनिटाला मागण्याची हौस काही मालकांना असते. आमच्या मते तासातून एकदा पुरे. मुख्य पेटी मात्र विजेवर चालत असली तरी तिला स्वतःची बॅटरी हवीच, कारण आगीत वीज आधी जाते.

विक्रेता या प्रश्नांची उत्तरे देईना, तर दुसरे दुकान पाहावे. आणि यंत्र लावले म्हणून जिन्यात माल रचू नये. जागा झालेला कारागीर त्याच जिन्याने उतरणार आहे.