जैन मील नोंदवलं, म्हणजे झालं का?



सुट्ट्या जवळ आल्या की बऱ्याच जणी लेकी-सुनांकडे परदेशी निघतात आणि मला फोन येतात, "मावशी, विमानात खायचं कसं करता?" इतकी वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. जैन मील नोंदवून टाक आणि सोबत डबा घे. आता मी तेवढ्यावर फोन ठेवत नाही. कारण सांगते. ते सांगताना मला थोडी लाजही वाटते.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात लंडनहून मुलीकडून परत येत होतो. तिथे त्या दिवसांत दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून आमचं जेवण साडेतीनला उरकलेलं. ह्यांना मधुमेह आहे. जेवणाआधीची गोळी बॅगा भरायच्या गडबडीत राहून गेली, ती विमानतळावर रात्री नऊला आठवली आणि ह्यांनी ती तिथेच पाण्याबरोबर घेतली. विमानात अकराच्या सुमारास आमची जैन ताटं आली. ह्यांनी हात जोडून "रात्र झाली, नको" म्हटलं. मला तेव्हा अभिमानच वाटला. शेजारच्या बाईंना मी कौतुकाने सांगितलंसुद्धा, की आमचे हे तीस वर्षांत रात्री जेवलेले नाहीत.

तासाभराने ह्यांचा हात माझ्या हाताला लागला तर तो गार आणि घामाने ओला. बोलणं अडखळत होतं, बोटं थरथरत होती. हवाई सुंदरीने साखर घातलेला रस आणला, तर ह्यांनी पेला बाजूला सारला. नियम! मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्यावर चारचौघांत ओरडले, "अहो, हे औषध आहे, प्या." प्यायले. पंधरा-वीस मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. माझी पिशवी वरच्या कप्प्यात होती आणि तिच्यात होतं काय, तर शंकरपाळी, चकल्या आणि दोन पाकिटं शेव.

घरी आल्यावर डॉक्टर रागावले, आणि ते बरोबरच होतं. ती गोळी जेवणासाठी असते. जेवायचं नसेल तर तिचं काय करायचं, हे प्रवासाच्या आधी विचारायला हवं होतं. पुढच्या चातुर्मासात माताजींनाही विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, नियम घेतानाच पाणी आणि औषध यांची सूट आहे की नाही, हे ठरवून घ्यावं. आपल्यातले कितीतरी जण ती सूट ठेवूनच रात्रिभोजनत्याग करतात. आम्ही तीस वर्षांत ते कधी नीट ठरवलंच नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'जैन' या शब्दावर आपण फार टाकतो. ताटात कांदा, लसूण, कंदमूळ नाही, एवढीच हमी तो शब्द देतो. शरीराला ते मानवेल, ही हमी त्यात नाही. आमच्या त्या ताटात काय होतं? पांढरा भात, पनीरची दाट ग्रेव्ही, मैद्याचा पाव आणि शिरा. मधुमेह्यांसाठी वेगळं ताट मिळतं, पण त्यात कांदा-लसूणच काय, सामिषही असू शकतं. आणि आम्हाला नोंदवताना एकच प्रकार निवडता आला. म्हणजे धर्म की साखर, असा पर्याय. मी जैन ताटच नोंदवते. त्यातलं काय खायचं आणि काय झाकून ठेवायचं, ते मात्र आपल्या हातात असतं.

डब्याचंही तसंच. घरात आपण पिठाची मर्यादा पाळतो, पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. आणि प्रवासाला निघताना कुणी, कधी, कुठल्या तेलात तळलं ते ठाऊक नसलेलं पाकीट, वर 'जैन' छापलंय म्हणून उचलतो! मी बी.कॉम. झालेली, लेबल मी ताळेबंदासारखं वाचते. सोडियमचा आकडा बहुधा शंभर ग्रॅमचा असतो, आणि पाकीट दोनशेचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. शेव-भडंगाची दोन पाकिटं संपवून मग माझे पाय सुजले, चपला बसेनात, असं म्हणायचं, आणि दोष सगळा विमानाच्या खुर्चीला.

वर पोटही फुगतं. विमान उडत असताना आतली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असते, त्यामुळे पोटातला वायू प्रसरण पावतो. तळलेलं, हरभऱ्याचं, फसफसणारी पेयं, हे सगळं तिथे दुप्पट त्रास देतं. हवा कोरडी, म्हणून पाणी हवंच. मी रिकामी स्टीलची बाटली नेते, तपासणी झाल्यावर गाळण्याचं फडकं लावून भरते आणि विमानात गरम पाणी मागून घेते. नुसतं गरम पाणी मागितलं की काही जणी चहाची पिशवीही देतात, ती परत करायची.

डब्यात आता सोलापुरी कडक भाकरी, थोडी शेंगाचटणी, साळीच्या लाह्या, खारीक आणि बदाम. कडक भाकरीला तेल नाही, ती आठवडाभर टिकते आणि चावायला वेळ लागत असल्याने खाणंही कमी होतं. आपल्या बारा तपांत अवमौदर्य सांगितलंय, भुकेपेक्षा चार घास कमी. विमानात निरोगी माणसाला तेच सोयीचं आहे. पण साखरेची गोळी घेणाऱ्याने तिथे अनशन करू नये, या मतावर मी ठाम आहे. कुणाला ते धर्माला सोडून वाटलं तरी चालेल. त्या रात्री तो गार हात माझ्या हातात होता.

येत्या महिन्यात आम्ही पुन्हा निघतोय. निघायच्या दिवशीचं जेवण, गोळी आणि विमानाची वेळ मी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घेतलीये. खडीसाखरेची पुडी ह्यांच्या शर्टाच्या खिशात राहील, वरच्या कप्प्यात नाही. "सारखी आठवण करून देऊ नकोस," असं हे आत्तापासूनच म्हणताहेत. मी देणारच.