विदेशी मोह

मंडळी, आजचा विषय दारू आहे. आमच्या आईने आणि समस्त आत्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. वाचलंच तर निदान फोन करू नये, दिवाळीत भेटू तेव्हा काय ते बोलू.

माझी आवडती दारू कोणती असं कुणी विचारलं की मी खरं उत्तर देतो आणि हसं करून घेतो. एक नंबर मोहाची. दोन नंबर गोव्याची हुर्राक, तीही उन्हाळ्यातली ताजी. तीन, ओल्ड मंक. व्हिस्की येते चौथ्या नंबरवर, आणि तीही खरोखर जवाची असली तर. परवा ही यादी आमच्या भाऊजींना ऐकवली. ते म्हणाले, "काहून बे, पगार कमी झाला काय तुहा?"

या एका वाक्यावर मला भांडायचं आहे. भाऊजींशी नाही हो, ते भला माणूस आहेत (आणि वाचतही आहेत. भाऊजी, ह.घ्या.). भांडण आहे ते दारूची प्रत जिभेने न ठरवता लेबलाने ठरवणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या सवयीशी.

आमच्या बेशात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीमांमध्ये कुठल्याही गच्चीवर शनिवारी रात्री डोकावा. बाटलीवर एखादा किल्ला नाहीतर शिंगवालं हरीण, नाव असं की वाचणाऱ्याला स्कॉटलंडचं धुकं दिसावं. आत काय असतं? आपल्याकडच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या पुष्कळशा व्हिस्क्यांचा मुख्य माल म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेलं, चव नाही की वास नाही असं अल्कोहोल. त्यात थोडं माल्ट, थोडा रंग, थोडा स्वाद. युरोपात व्हिस्की म्हणवून घ्यायचं तर ती धान्याचीच लागते आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली लागते. म्हणून आपली ही मळीची व्हिस्की तिकडे व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. मळीतून निघणाऱ्या दारूला जगाने एक चांगलं नाव ठेवलेलं आहे, रम. ओल्ड मंक मला आवडते ती याचसाठी. १९५४ पासून ती मळीची आहे आणि रमच म्हणवून घेते. बापाचं नाव लपवत नाही.

आता गंमत बघा. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी दिसली की हीच गच्चीवरची मंडळी रस्ता बदलतात. पण त्या दुकानातली देशीही बहुतेक मळीचीच. महाराष्ट्रात मिळणारी नेहमीची देशी ४२.८ टक्के अल्कोहोलची आणि भाऊजींची विदेशीही ४२.८ टक्क्यांचीच. फरक स्वादाचा, बाटलीचा आणि कराचा. शिवाय आमच्या नागपूरच्या संत्र्याचं नाव बिचारं देशीच्याच कपाळी आलं. त्या 'संत्रा'चा संत्र्याशी संबंध वासापुरताच, हे सांगायला नको.

देशी आणि विदेशी हे शब्द चवीचे नाहीतच, ते अबकारी खात्याचे आहेत. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला, गावोगावच्या भट्ट्या बंद करून मक्तेदाराची दारू लोकांच्या गळ्यात मारायची सोय झाली. तरीही लोक मोहाची काढतच राहिले, तेव्हा १८९२ मध्ये खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला. दारूसाठी नाही, फुलासाठी! झाडावरून आपोआप गळणारं फूल उचलून घरात ठेवायचं तर सरकार वाकून बघणार. साहेब गेला, पण ही नजर गेली नाही. स्वतंत्र महाराष्ट्रातही मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि नेण्यावर दारूबंदी कायद्याची बंधनं होती. ती उठवायचा निर्णय व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं.

ज्यांनी मोहाची कधी चाखलीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये रात्रभर फुलं गळतात, मऊ, पिवळसर पांढरी, गोड. पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात. उन्हात वाळली की ती मनुकांसारखी तपकिरी होतात. मग भिजवायची, आंबवायची, मडक्यावर मडकं ठेवून मंद जाळावर वाफ धरायची. साखर फुलाचीच, बाहेरून काही घालावं लागत नाही. मी प्यायलो ती मध्य प्रदेशातल्या एका लग्नात, पानाच्या द्रोणातून. आधी धुराचा वास, मग ओल्या फुलाचा, आणि घोट उतरल्यावर मागे मनुकांसारखी मंद गोडी राहते. रंग पाण्याचा. सोडा नको, कोला नको, बर्फ नको. ज्या दारूत काहीतरी मिसळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही तिला उंची म्हणायचं आणि जी नुसती पिता येते तिला हलकी, हा कुठला न्याय?

"पण ती हातभट्टी नं!" हा ठरलेला आक्षेप. अहो, शहराच्या कडेला गुळात नवसागर घालून जी काढतात ती हातभट्टी वेगळी. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा मिथेनॉलने, म्हणजे कुणीतरी कारखान्यातलं विष मिसळल्याने. त्याचं पाप मोहाच्या झाडावर कशाला?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मी टाळणार नाही. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीत बंदीसाठी बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. नवऱ्याच्या दारूपायी जिने मार खाल्ला तिला 'फुलाचा सुगंध कसा' हे सांगायला मी जाणार नाही. पण त्या बाईचा राग सगळ्याच दारूवर आहे आणि तो मला समजतो. स्कॉच पिणाऱ्या सभ्य माणसाने मोहाला नाक मुरडणं म्हणजे दारूबंदी नव्हे. ते दोन समजुतीत मिसळू नका.

असो. आता सगळ्यात भारी किस्सा. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की मोहाची फुलं, काजूची बोंडं वगैरेंपासून केलेल्या मद्याला चांगले दिवस यावेत. उत्तम! मग त्यासाठी काय केलं? त्याची वर्गवारी 'देशी' ची बदलून 'विदेशी मद्य' अशी करायला मान्यता दिली. राजेहो, परत एकदा वाचा. गडचिरोलीच्या जंगलातलं फूल, तिथल्याच बाईने वेचलेलं, आणि त्याला मान द्यायचा तर ते विदेशी व्हायला हवं! कराची, परवान्याची सोय म्हणून असेल, हेतू चांगला असेल, मान्य. पण आपल्या कायद्याच्या कोशात 'चांगलं' या अर्थाचा दुसरा शब्दच नसावा?

शेजारी बघा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि २०१६ मध्ये तिला राज्याचं वारसा पेय म्हणून जाहीर केलं. फेणी फेणी म्हणूनच मोठी झाली. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून आदिवासी बचतगटांना ती काढायला दिली, अलीराजपूरची 'मोंड' त्यातूनच आली. मेक्सिकोने तर १९७४ सालीच टकीला हे नाव आपल्या मातीला बांधून टाकलं. तीही मूळची खेड्यातलीच दारू, आज तीच आपल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या पबमध्ये मीठ-लिंबू लावून महाग मिळते.

आणि बंगलोरची अमृत? जगदाळ्यांची कंपनी (आडनाव वाचून आपली छाती फुगते, फुगू द्या). त्यांनी आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी थेट ग्लासगोत नेऊन विकली. २०१० च्या 'व्हिस्की बायबल' मध्ये जिम मरेने अमृत फ्यूजनला जगात तिसरा नंबर दिला. ती आपल्या देशात विकायला आली तीही २०१० मध्येच. साहेबाने मान डोलावली तेव्हा कुठे आम्हाला चव कळली. माझ्या यादीत चौथ्या नंबरला जी व्हिस्की आहे ती हीच, आणि ती खरोखर चांगली आहे. तिकडे पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडात दोनेक टक्के. नागपूरच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर काय उरेल देव जाणे.

२०२५ च्या जूनमध्ये राज्याने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकार काढला. नाव ऐकून मी आशेने वाचायला घेतलं, तर तो धान्याच्या दारूचा. मोह नाही, बोंड नाही. पुढच्याच महिन्यात ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात स्कॉचवरचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीसवर आणायचं ठरलं आहे. म्हणजे ग्लासगोच्या शेतकऱ्याच्या जवाची सोय झाली. आमच्या धानोऱ्याची बाई पहाटे वेचलेली फुलं व्यापारी म्हणेल त्या भावाने देणार, कारण तिच्या फुलाचं पुढे काय होतं यावर लेबल लावायला कुणी तयार नाही. मोहाच्या दारूला तिच्या स्वतःच्या नावाने, गावाच्या नावासकट, दुकानात फळीवर जागा मिळाली तर त्या फुलाला भाव येईल. विदेशी या नावाखाली आली तर भाव बाटलीला येईल.

तूर्तास बेशाहून मध्य प्रदेशची हद्द तास-दीड तासावर आहे. तिकडे जाणाऱ्यांनी कृपया माझ्यासाठी बाटली आणू नये, हद्द ओलांडली की तो गुन्हा होतो. मीच जाईन म्हणतो, एप्रिलमध्ये, फुलं गळायला लागली की. कोण कोण येतंय ते कळवा. गाडी चालवणारा न पिणारा हवा.