फाटकाबाहेरचे गतिशास्त्र

नववीच्या वर्गात आपण गतीची तीन समीकरणे शिकतो. त्यांवरील उदाहरणांत बहुधा एखादी आगगाडी स्थानकातून सुटते, एखादा दगड मनोऱ्यावरून टाकला जातो, नाहीतर कोणा एकाची मोटार ‘एकसमान त्वरणाने’ धावू लागते. रस्ता कोरडा होता की ओला, मोटारीपुढे कोणी मूल आले होते काय, याची चौकशी त्या उदाहरणात नसते. मग घंटा होते, आणि ही समीकरणे सोडविणारी मुले फाटकाबाहेर पडून ज्या रस्त्याने घरी जातात तेथे हीच समीकरणे अहोरात्र लागू असतात. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दररोज चारशे साठांहून अधिक. त्यांतील चाळीस टक्क्यांहून जास्त माणसे दुचाकीवरची होती. तेव्हा माझे म्हणणे असे की, रस्त्याची सुरक्षितता हा विषय घोषवाक्ये आणि चित्रकला-स्पर्धा यांतून सोडवून विज्ञानाच्या तासाला आणला पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. दोन मोटारी शेजारी शेजारी धावत आहेत. एकीचा वेग ताशी ५० किलोमीटर, दुसरीचा ६०. पुढे रस्त्यावर एक मूल धावत येते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन्ही चालकांना एक सेकंद लागतो असे धरू, आणि कोरड्या डांबरावरचा घर्षणांक ०.७ मानू. पहिली मोटार त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर जाऊन थांबते. एकूण २८ मीटर. मूल नेमके तेवढ्याच अंतरावर असेल, तर ते वाचले. आता दुसरी मोटार २८ मीटरवर पोहोचते तेव्हा तिचा वेग किती असेल? वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘ताशी दहा’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात तो ताशी ४० किलोमीटर असतो! करून पाहा. ब्रेक लागेपर्यंतच ती १७ मीटर जाते, आणि उरलेल्या ११ मीटरांत तिची गतिज ऊर्जा जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक संपते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, या एका वाक्याचा हा परिणाम. ताशी ४० ची धडक म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून, खाली पडणे होय.

या गणितात चालकाचे कौशल्य कोठेच येत नाही. गाडीचे वस्तुमानही येत नाही, ते दोन्ही बाजूंनी निघून जाते. “मी गाडी चांगली मारतो” असे म्हणणाऱ्याला घर्षणांक वाढवून मिळत नाही. उलट पहिल्या पावसात धूळ आणि तेल यांचा चिखल झाला की तो पुष्कळच घटतो. घर्षणांक ०.४ झाला, तर ताशी ६० वरून थांबायला ब्रेक लागल्यावर २० ऐवजी ३५ मीटर लागतात.

हेल्मेटविषयी आपल्याकडे वाद फार. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत सक्तीविरुद्ध मोर्चाही निघाला. मान अवघडते, ऐकू येत नाही, केस जातात, अशी कारणे सांगितली जातात. आणि महाविद्यालयाच्या आवारात पाहावे तर हेल्मेट आरशाला टांगलेले. गाडी उभी असतानाच तुम्ही कलंडलात आणि डोके दीड मीटरवरून डांबरावर आपटले असे समजा. डोके दोन मिलिमीटरांत थांबले, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ७५० पट. हेल्मेटच्या आतील थर्मोकोलसारखा थर दोन सेंटिमीटर दबला, तर तेच ७५ पट. हेल्मेटचे काम कठीण असणे एवढेच नसून आतून दबणे हे आहे. म्हणून आयएसआय चिन्ह नसलेली, आत नुसता स्पंज लावलेली टोपी निरुपयोगी, आणि पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोके आपटण्यापूर्वीच निघून जाते.

सायकलस्वारांसाठी परावर्तक ही फार सुंदर वस्तू आहे. तिच्यात एकमेकांशी काटकोन करणारे तीन पृष्ठभाग असलेले असंख्य कोपरे असतात. प्रकाश तिन्हींवरून परावर्तित होऊन आला त्याच दिशेने परत जातो, म्हणजे थेट मागच्या चालकाच्या डोळ्यांकडे. डिपरच्या उजेडात गडद कपड्यातील माणूस तीस-चाळीस मीटरांपलीकडून क्वचितच दिसतो. आणि ताशी ६० ची गाडी थांबायला एकूण ३७ मीटर लागतात, हे वरील रीतीने काढता येईल. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की मागे ना दिवा ना परावर्तक असा डोंगर अंधारात उभा असतो. तो चुकविणे हे नशिबाचे काम आहे, आणि ही जबाबदारी मुलांची नव्हे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे.

अठरा वर्षांखालील मुलांना गिअरची गाडी चालविण्याचा परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. शाळा आवारात गाडी लावू देत नाहीत. मग मुले ती कोपऱ्यावरच्या दुकानाशेजारी लावतात, आणि सर्वांना ते ठाऊक असते.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. शाळेच्या कुंपणाच्या आतून, रस्त्यावर न उतरता, समोरचे ५० मीटर अंतर दोन खांबांच्या खुणेने निश्चित करावे आणि ते कापायला प्रत्येक वाहनाला लागणारा वेळ थांबघड्याळाने मोजावा. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०, तीन लागले तर ६०. एका गटाने मोजावे, दुसऱ्याने तक्ता भरावा. शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ धरून आठवडाभराच्या नोंदी पुरेत. “अभ्यासक्रम संपत नाही” अशी सबब पुढे येईल. पण सरासरी, आलेख आणि मापनातील त्रुटी हे सर्व यात आपोआप शिकवून होते. हा तक्ता मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला आणि वाहतूक शाखेला द्यावा, आणि फाटकासमोर ताशी ३० ची मर्यादा व पांढरे पट्टे मारलेला गतिरोधक मागावा. मागणी मान्य झाली, तर पुढच्या तुकडीने त्याच दोन खांबांमध्ये पुन्हा मोजमाप करून दोन्ही आलेख शेजारी लावावेत.