आजीचें वय

आमच्या मातोश्रींस ७५ वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां त्यांचा वाढदिवस करावा असें घरांत ठरलें. पूर्वीं तो कधींच झाला नव्हता. हा बेत ऐकतांच आमचे पांच वर्षांचे धाकटे चिरंजीव रडूं लागले. बऱ्याच वेळानें कारण कळलें. वाढदिवस केला म्हणजे वय वाढतें, हें त्यांस स्वानुभवानें ठाऊक होतें. आजीचा वाढदिवस कोणी करीत नव्हतें, म्हणून ती आजवर होती तशीच राहिली. आणि आतां आम्ही तिला उगीच म्हातारी करावयास निघालों होतों!

आम्ही पोट धरून हंसलों. एवढ्यावर न थांबतां मीं ही हकीकत पाहुण्यांस त्याच्या देखत तीनदां सांगितली. तिसऱ्या वेळीं तो उठून गेला. पुढें कित्येक दिवस त्यानें मला एकहि प्रश्न विचारला नाहीं. वर्गांत "शंका विचारा" म्हणून नित्य सांगणाऱ्या शिक्षकास ही शिक्षा थोडी नव्हे.

वास्तविक त्याचें चुकलें तें काय? दोन गोष्टी बरोबर येतात, म्हणून एक दुसरीचें कारण होय, असें त्यानें मानिलें. ही चूक मोठीं माणसें रोज करितात. शिवाय 'वाढदिवस' हा शब्दच त्यास तसें सांगत होता. आपला 'मोठा' हा शब्दहि तसाच. उंचीनें मोठा तो मोठा, आणि वयानें मोठा तोहि मोठा! स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे (१८९६–१९८०) यांनीं मुलांच्या कालविषयक कल्पनांवर १९४६ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलें उंचीवरून वय ठरवितात, व वाढ थांबली कीं वयहि थांबतें असें समजतात, हें त्यांनीं मुलांच्याच उत्तरांवरून दाखविलें आहे. म्हणजे हा आमच्याच घरचा वेडेपणा नव्हे. ती बुद्धीची एक पायरी आहे.

कित्येकदां तर मुलाचें निरीक्षण आपल्याहून सूक्ष्म असतें. "आजी लहान होत चालली आहे," असें तो एकदां म्हणाला होता. तें अक्षरशः खरें आहे. उतारवयांत पाठीच्या मणक्यांमधील चकत्या झिजतात, आणि उंची थोडी कमी होते. आम्हां मोठ्यांच्या तें लक्षांतहि आलें नव्हतें.

कोणी म्हणतील, कौतुकानें हंसलें तर बिघडलें काय? मागाहून, आपसांत हंसावें; मुलाच्या तोंडावर हंसूं नये. "मोठा झालास म्हणजे कळेल," हें उत्तरहि देऊं नये. ज्ञान उंचीबरोबर आपोआप येतें, अशी नवी चूक त्यांतून तो शिकतो. त्यास समजेल एवढें, पण खरें सांगावें.

शेवटीं मींच त्याची क्षमा मागितली, आणि वाढदिवस केला न केला तरी दिवस जातच असतात, असें सांगितलें. तो म्हणाला, "मग केक कशाला कापला?" मी निरुत्तर झालों. मातोश्री म्हणाल्या, "तूं माझ्याजवळ बसावास म्हणून."

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं धाकटीं भावंडें असतील. तीं असें कांहीं विचारतील तेव्हां हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबा, आणि तें मूल तसें कां म्हणतें याचा शोध घ्या. आम्हां शिक्षकांसहि हाच धडा पुनःपुन्हां गिरवावा लागतो.